“पोट सुजलं की पोराचा मेंदू गेला” म्हणे!

मानेवाड्याकडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवसांपासून एकच मेसेज फिरून राहिला. लहानपणी आतड्याला सूज आली की मेंदू कायमचा कमजोर, कारण ९५ टक्के सेरोटोनिन (मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन) पोटातच बनतं, म्हणून दर महिन्याला एरंडेल पाजून पोट धुवा अन् दूध-गहू बंद करा.

आता सेरोटोनिनचं घ्या. बहुतेक सेरोटोनिन आतड्यात बनतं हे खरंच आहे, पण ते रक्तातून मेंदूत शिरतच नाही, मधे अडसर आहे. मेंदू आपलं स्वतः बनवतो, त्याला कच्चा माल लागतो तो ट्रिप्टोफॅन, अन् तो येतो डाळ-दूध-अंड्यातून. म्हणजे दूध बंद करा म्हणणाऱ्यानं मालच कमी केला की!

सुजेची गोष्ट मात्र पूर्ण खोटी नाही, म्हणूनच लोक फसतात. ढाक्याच्या मीरपूर वस्तीतल्या तान्ह्या मुलांमध्ये ज्यांच्या रक्तात सूज दाखवणारे घटक जास्त होते त्यांचे विकास चाचणीतले गुण कमी आढळले. पण ही महिनोन्‌महिने टिकणारी सूज, घाण पाणी, वारंवार जुलाब, त्यात लोह-झिंक अंगी लागत नाही, अशी सगळी भानगड एकत्र, त्यामुळे एकट्या सुजेवर बोट ठेवणंही कठीण. लग्नात जेवून दोन दिवस पोट बिघडलं म्हणून मेंदू गेला असं त्यातून निघत नाही बाप्पा.

एरंडेल तर उलटंच. ते सूज उतरवत नाही, आतड्याला चेतवून जुलाब लावते, अन् नागपूरच्या मे महिन्यात, ४५ डिग्रीत, दोन वर्षांच्या लेकराला मुद्दाम जुलाब? “नैसर्गिक आहे ना” म्हणणाऱ्या काकूंना सांगा, नैसर्गिक तर धोतराही आहे.

गहू बंद करायचा असंल तर आधी सिलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेननं आतड्याला इजा होते त्या आजाराची) रक्ततपासणी करा, टीटीजी म्हणतात. गहू सोडल्यावर केली तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, मग डॉक्टरही काय करनार.

जुलाब लागले तर ओआरएस अन् १४ दिवस झिंक, सहा महिन्यांवरच्याला रोज २० मिलिग्रॅम, त्याखाली १०. शौचात रक्त दिसलं, किंवा अंगणवाडीच्या तक्त्यावर वजनाची रेघ आडवी झाली तर ग्रुपवर विचारत बसू नका, मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, बालरोग ओपीडीत घेऊन जा.