थंडीत म्हणे लघवीची गोळी बंद ठेवायची!

परवा रात्री साडेअकराला निफाडहून मामीचा फोन. मामांना आडवं झालं की दम लागतोय, एरवी दोन उशा घेऊन झोपायचे ते दोन रात्री पलंगाला टेकून बसूनच आहेत. मामांना डायलेटेड कार्डिओमायोपॅथी आहे, म्हणजे हृदयाचा स्नायूच ताणून पातळ नि ढिला झालाय, टूडी इकोत (हृदयाची सोनोग्राफी) पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदयातलं जेवढं रक्त बाहेर ढकललं जातं ते, २५ टक्के (धडधाकट माणसाचं ५५ च्या वर असतं). गोळ्या चालू आहेत ना विचारलं तर मामी जरा अडखळलीच, "अगं बाकी सगळ्या चालू आहेत, लघवीची तेवढी पाच दिवस झाले बंद केलीय, तो मेसेज नव्हता का आला ग्रुपवर?"

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. कमजोर हृदयवाल्यांनी हिवाळ्यात काय करावं याचे सात मुद्दे, खाली हात जोडलेले आणि 'एक जीव वाचवा, पुढे पाठवा'. थोडक्यात सांगायचं तर थंडीत रक्त घट्ट होतं म्हणून रोज तीन लिटर कोमट पाणी प्या, थंडीत लघवी आपोआप जास्त होते म्हणून लघवीची गोळी बंद ठेवा, पहाटे गार पाण्याने आंघोळ करा त्याने हृदयाचा स्नायू मजबूत होतो, पहाटे पाचला चालायला जा, रात्री दोन चमचे ब्रँडी घ्या, सर्दी झाली तर मेडिकलमधून गोळी आणा, आणि सातवा मुद्दा काय तर आपल्याकडे बर्फ पडत नाही त्यामुळे थंडीने हार्टला काही होत नाही, ते सगळं युरोप-अमेरिकेचं. अरे मग पहिले सहा मुद्दे लिहिलेस कशाला बाबा?

मी डॉक्टर नाही. पण मामांची फाइल चार वर्षं मीच सांभाळतेय, त्यामुळे दुसऱ्या मुद्द्यावर आधी बोलते, कारण माणूस त्यानेच मरतो.

थंडीत लघवी जास्त होते हे खरंय, मान्य. हातापायांच्या, कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, तिथलं रक्त आत येतं, किडनीला वाटतं अंगात पाणी जास्त झालं आणि ती थोडं बाहेर टाकते. पण गोधडीत शिरून ऊब आली की ते थांबतं. मामांसारख्यांचं गणित उलटं असतं. पंप कमी चालतो म्हणून किडनीकडे रक्त कमी जातं, मग किडनी समजते की अंगात पाणीच कमी आहे आणि मीठ-पाणी दाबून धरते. तेच पाणी पायांवर सूज होऊन येतं आणि फुप्फुसात साठतं. ते काढायला ती गोळी आहे, दोनदा जास्त लघवीला जाऊन आलं म्हणजे ते काम झालं असं होत नाही. वर पहिल्या मुद्द्याप्रमाणे तीन लिटर पाणी! रक्त थंडीत किंचित दाट होतं, हेही चला, अर्धं खरं. पण ज्याला डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटर मोजून दिलंय त्याला तीन लिटर पाजून आणि गोळी काढून घेऊन तुम्ही दोन्हीकडून बुडवताय. आणि त्यात रक्तवाहिन्या आवळल्या की बीपी वाढतं, म्हणजे त्याच दमलेल्या पंपाला जास्त जोर लावून रक्त ढकलावं लागतं. कुणाकुणाचा गोळीचा डोस डॉक्टर कमीजास्त करतात, हो करतात, पण ते तपासून, रिपोर्ट बघून, ग्रुपवर वाचून नाही.

मामांना रात्रीच नाशिकला आणलं, इंजेक्शनं देऊन पाणी काढलं. वजन तीन किलोने वाढलेलं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करा असं फाइलवर लिहिलंय, पण गोळी बंद केली तशी वजनाची वहीपण बंद.

आता 'आपल्याकडे कुठे बर्फ पडतो'. हे लिहिणाऱ्याने जानेवारीत एकदा निफाडला पहाटे यावं, द्राक्षबागेत शेकोट्या कशाला पेटवतात ते बघावं (तो धूरही मामांच्या छातीत जातो, ते भांडण वेगळंच). सर्क्युलेशन नावाचं अमेरिकन हार्ट असोसिएशनचं जर्नल आहे, त्यात डिसेंबर २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास आला, २७ देशांतली ५६७ शहरं, १९७९ ते २०१९ मधले हृदय नि रक्तवाहिन्यांच्या विकारांचे ३ कोटी २० लाख मृत्यू. त्यात सगळ्यात जास्त फटका हार्ट फेल्युअरवाल्यांना, म्हणजे पंपिंग कमी पडणाऱ्यांना. अशा दर १००० मृत्यूंमागे कडाक्याच्या थंडीच्या दिवसांमुळे जवळपास १३ जादा, आणि कडक उन्हाचे तीनसुद्धा नाहीत. मुख्य म्हणजे थंडी प्रत्येक शहराच्या हवेच्या मानाने धरलीय. बर्फ लागतच नाही.

गार पाण्याची आंघोळ. "आपले पूर्वज काकड्याला नदीत बुडी मारायचे, त्यांना कुठे हार्टचा त्रास होता?" होता हो, छातीत कळ आली नि गेले असं म्हणायचे, इको काढायला कोण बसलं होतं तेव्हा? अंगावर एकदम गार पाणी पडलं की श्वास अडकतो, ठोके नि बीपी झपकन वाढतात, तोंड पाण्यात गेलं तर दुसरी नस ठोके हळू करायला बघते. ठोके वाढवायची नि कमी करायची अशी एकाच वेळी ओढाताण झाली की हृदयाची लय बिघडू शकते, आणि कार्डिओमायोपॅथीत लय आधीच नाजूक. रोज गार पाण्यात पोहणाऱ्यांना सवय होते, पण ती निरोगी माणसांची गोष्ट. आणि म्हणून कढत पाणीही ओतू नका, बीपी उतरून चक्कर येते, स्नायू जाड होणारा जो प्रकार आहे, हायपरट्रॉफिक, त्यात तर जास्तच. त्या लोकांना अंगातलं पाणी कमी झालेलंही चालत नाही. म्हणजे 'कमजोर हृदय' म्हणून सगळ्यांना एकच सल्ला मुळात चालतच नाही.

चालणं चांगलंच, पण पाचला कशाला? ऊन आल्यावर जा, नाकातोंडावर मफलर घ्या. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत रक्तवाहिन्या आवळणारं औषध असतं, अंगदुखीच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकने अंगात पाणी धरतं, तेव्हा मेडिकलवाल्याला आधी हार्टचं सांगा आणि फ्लूच्या लसीचं डॉक्टरांना विचारा. ब्रँडीने ऊब वाटते कारण कातडीतलं रक्त वाढतं, आतली ऊब बाहेर निघून जाते. शिवाय दारूने बिघडलेल्या हृदयाच्या स्नायूला अल्कोहोलिक कार्डिओमायोपॅथी असं नावच आहे. मामा माळकरी, म्हणून सातातला एवढा एक सल्ला हुकला.

मेसेज टाकणाऱ्या दादाला ग्रुपवरच विचारलं कुठून आला हा, तर म्हणे चांगल्या भावनेने टाकला. असू दे रे. आता ज्या ज्या ग्रुपवर टाकलास तिथे 'डॉक्टरांना न विचारता लघवीची गोळी बंद करू नका' एवढी एक ओळ पण टाक, आणि आजच टाक, हवामान खात्याने परत थंडीची लाट सांगितलीय.