तिसरे कोटेशन

सातपूरच्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी २१ वर्षे काढली. खरेदी विभागातील माणूस देवाला भीत नाही, दैवाला भीत नाही, फक्त ऑडिटरला भितो, आणि ऑडिटर खुर्चीवर टेकण्याआधी विचारतो, "तीन कोटेशने कुठे आहेत?" माल कोणाकडून घ्यायचा हे पुष्कळदा आधीच ठरलेले असते. ज्याचा पत्रा वेळेवर येतो, ज्याचा माल रिजेक्ट होऊन परत जात नाही, किंवा ज्याच्या मुलीच्या लग्नात आमचे साहेब अक्षता टाकून आलेले असतात, त्याच्याकडून तो घेतला जातो. परंतु फाइलला एकच कोटेशन लावून भागत नाही. मग मी आणखी दोन पुरवठादारांना फोन करीत असे आणि आवाजात शक्य तितका निरागसपणा आणून सांगत असे, "शेठ, एक कोटेशन पाठवा, लेटरहेडवर. आणि दर जरा वरचा टाका." ते बिचारे पाठवीत. तिन्ही दर एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडायचे, सर्वांत खालच्या दरापुढे 'एल-वन' लिहायचे आणि साहेबांची सही घ्यायची. या तक्त्याला आमच्याकडे 'कम्पॅरेटिव्ह' म्हणतात. असे शेकडो कम्पॅरेटिव्ह मी केले, आणि त्यांतील दुसऱ्या व तिसऱ्या कोटेशनला काय वाटत असेल, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

कारखाना गुजरातला गेला, मी नाशकातच राहिलो, आणि वयाच्या ४८व्या वर्षी तो प्रश्न मला पडला.

पहिली मुलाखत अंबडला होती. फाटकावरच्या रखवालदाराने वहीत माझे नाव लिहून घेतले, 'कामाचे स्वरूप' या रकान्यात वरच्या ओळीखाली दोन टिंबे काढली आणि मला आत सोडले. वरची ओळ मी वाचली. तीही टिंबेच होती. त्याच्या वरती आणखी टिंबे. पानाच्या माथ्यावर कुठेतरी 'इंटरव्ह्यू' हा शब्द एकदाच लिहिलेला होता आणि तेथून तो खाली गळत आला होता. खरे तर मी तेथूनच परत फिरायला हवे होते. परंतु आदल्या दिवशी पँटला इस्त्री करून घेतली होती.

आत तिघे बसले होते. त्यांनी माझे शिक्षण विचारले नाही, कारखाना का सुटला हे विचारले नाही. विचारले ते एवढेच, की तुमच्याकडे सीआरसी (थंड लाटलेला पोलादी) पत्रा कोणत्या दराने यायचा. इतक्या महिन्यांनी कोणी पत्र्याविषयी बोलले, या आनंदात मी दर सांगितला, उधारी किती दिवसांची होती तेही सांगितले, आणि सात प्लायच्या, म्हणजे सात थरांच्या पुठ्ठ्याच्या, खोक्याऐवजी पाच प्लायचे खोके वापरून आतल्या पुठ्ठ्याची घडी बदलली की माल तितकाच सुरक्षित कसा राहतो, हे समोरच्या कागदावर आकृती काढून समजावले. मधले गृहस्थ मान डोलावीत होते. डावीकडचे भराभर लिहून घेत होते, आणि माझ्याविषयी कोणी इतक्या तत्परतेने लिहून घेत आहे याचा मला अभिमान वाटत होता. शेवटी त्यांनी विचारले, "पावडर कोटिंग कोणाकडून करून घ्यायचात? नंबर आहे का?" मी मोबाइल काढून नंबर दिला. सव्वा तास झाला होता. "आम्ही कळवतो," असे ते म्हणाले आणि माझ्या आकृतीचा कागद त्यांनी जपून फाइलमध्ये ठेवला.

कळवले मात्र पावडर कोटिंगवाल्याने. पंधरा दिवसांनी तो द्राक्षांची पेटी घेऊन घरी आला आणि म्हणाला, "साहेब, तुमच्यामुळे अंबडची मोठी ऑर्डर मिळाली." म्हणजे त्या मुलाखतीतून काम कोणालाच मिळाले नाही असे मला म्हणता येणार नाही. द्राक्षे गोड होती. बायकोने दोन घोस खाल्ल्यावर विचारले, "अहो, पण जागा होती का मुळात?" या प्रश्नाचे उत्तर माझ्या तोंडात द्राक्ष असल्यामुळे राहून गेले.

दुसरी मुलाखत दिंडोरीच्या वाटेवरील एका शिक्षणसंस्थेत, भांडारपाल या पदासाठी. वर्तमानपत्रात रीतसर जाहिरात आली होती आणि मूळ प्रमाणपत्रांसह स्वखर्चाने उपस्थित राहण्याचे फर्मान होते. आम्ही दहा जण व्हरांड्यातील बाकांवर मांडीवर फायली घेऊन बसलो होतो. एक तिशीतला तरुण मात्र फायलीवाचून, पायांत चपला घालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता. त्याने आमच्या सह्या घेतल्या, झेरॉक्स प्रती तपासल्या, एकाला पिना आणून दिल्या, शिपायाला नावाने हाक मारून चहा सांगितला. मला तो कार्यालयातील लिपिक वाटला. मी त्याला किती वेळ लागेल असे विचारले, तेव्हा तो फार आपुलकीने म्हणाला, "काका, तुम्ही लांबून आलात ना? तुम्हाला आधी घेतो. साडेतीनची गाडी मिळेल तुम्हाला." त्यानंतर सहीच्या यादीत माझी नजर गेली, तर सातव्या क्रमांकावर त्याचेच नाव होते. आठ महिन्यांपासून तो तेथे तात्पुरता भांडारपाल होता आणि आज त्याला कायम करण्याचा सोहळा होता. आम्ही दहा जण त्या सोहळ्याचे वऱ्हाड. त्याचा राग यावा असे त्याच्यात काही नव्हते. उलट, पिना कुठे ठेवल्या आहेत हे ज्याला न शोधता ठाऊक आहे, त्यालाच भांडार द्यावे, असे खरेदी विभागातील माणूस म्हणून माझे प्रामाणिक मत झाले. आत मला संस्थेचे ब्रीदवाक्य विचारण्यात आले. गाडी मिळाली.

यानंतर मी जाहिराती वाचू लागलो त्या खरेदीच्या नजरेने. एका कंपनीची 'तातडीने हवेत' ही जाहिरात मी मकरसंक्रांतीपासून गणेशोत्सवापर्यंत पाहत होतो. इतकी टिकाऊ तातडी फक्त रस्त्याच्या कामांत दिसते. परंतु या जाहिरातीवर हसण्याचा अधिकार मला नाही. आमच्याच कारखान्यात हिशेब विभागातील दोघे चौघांचे काम उपसत होते, आणि ते कुरकुरू लागले की आमचे साहेब दर तिमाहीला चार मुलाखती लावीत. काचेपलीकडे कोणीतरी टाय लावून बसलेला दिसला की हिशेब विभागाला हुरूप येई आणि तो आणखी तीन महिने रात्री आठपर्यंत बसे. त्या टायवाल्यांना चहा पाठवण्याचे काम माझ्याकडे होते. साखर विचारत असे मी त्यांना.

आपल्याकडे असे चालते, असे म्हणून मी गप्प बसलो असतो, परंतु त्याच सुमारास न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला, "मामा, माझ्या नोकरीची जाहिरात आलीये पेपरात." माझी बहीण पलीकडून रडायलाच लागली. नोकरीची जाहिरात आली, म्हणजे मुलाला काढले. भाच्याने समजावले ते असे, की काढलेले नाही, कायम ठेवायचे आहे, म्हणून जाहिरात दिली आहे. तेथे परदेशी माणसाला ग्रीन कार्ड मिळवून द्यायचे, तर या कामाला लायक आणि तयार असा अमेरिकन माणूस मिळत नाही, हे मालकाला आधी सरकारच्या कामगार खात्याला दाखवून द्यावे लागते. पदवीधरांच्या जागेसाठी दोन रविवारी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, राज्याच्या रोजगार यंत्रणेकडे ती ३० दिवस ठेवावी लागते, आणखीही काही ठिकाणी झळकवावी लागते. भाचा त्या खुर्चीवर पाच वर्षे बसलेला आहे आणि जाहिरात आहे त्या खुर्चीची. एखादा लायक अमेरिकन उगवलाच, तर त्याला नोकरी द्यावीच लागते असेही नाही. भाच्याचा अर्ज तेवढा अडतो.

बहिणीने डोळे पुसले आणि कोणी लायक माणूस उगवू नये म्हणून काळारामाला साकडे घातले. मी मात्र त्या अज्ञात अमेरिकन गृहस्थाचा विचार करीत राहिलो. रविवारी सकाळी कॉफी पीत त्याने ती जाहिरात वाचली असेल, तंतोतंत आपल्यासाठीच आहे म्हणून कापून ठेवली असेल, आणि त्याच्याही बायकोने पँटला इस्त्री कर म्हणून सांगितले असेल. तो आणि मी एकाच कम्पॅरेटिव्हमधले. तेथील सरकार या प्रकाराकडे अगदीच डोळेझाक करते असे नाही. अशा जागा आपल्या नेहमीच्या भरतीच्या पद्धतीने जाहीर केल्या नाहीत आणि अर्ज टपालाने मागवले, म्हणून तेथील न्याय खात्याने फेसबुक व अॅपल या दोन्ही कंपन्यांना धारेवर धरले. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकने १ कोटी ४२.५ लाख डॉलरपर्यंत, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अॅपलने २.५ कोटी डॉलरवर तडजोड केली. ज्यांच्या फोनवरून सारे जग अर्ज करते त्यांनी स्वतःचे अर्ज टपालाने मागवावेत, यातील कारागिरी खरेदी विभागालाच कळेल. कोटेशन येऊच नये असे वाटत असेल, तर आम्हीही 'सीलबंद पाकिटात, समक्ष' असे लिहीत असू.

कायदा आपल्याकडेही फार पूर्वी झाला. पदवी घेतल्यावर मी सेवायोजन कार्यालयात रांग लावून कार्ड काढले होते. त्यावरचा शिक्का पुसट होईपर्यंत तेथून एकही कॉल आला नाही, तेव्हा कुतूहलाने चौकशी केली. १९५९च्या कायद्याने २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी कारखान्यांनाही रिकाम्या जागा त्या कार्यालयाला कळवणे सक्तीचे केले होते, आणि त्याच कायद्यात पुढे असेही म्हटले होते की, केवळ जागा कळवली म्हणून त्या कार्यालयामार्फतच माणूस घेण्याचे बंधन मालकावर नाही. आमंत्रण सक्तीचे, जेवण ऐच्छिक. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने १ जानेवारी २०२६ पासून याच्या पुढचे पाऊल टाकले आहे. तेथेही आकडा पुन्हा २५चाच. तितके नोकर असलेल्या मालकाने जाहिरातीतच लिहायचे की जागा खरोखर रिकामी आहे की नाही, आणि मुलाखत दिलेल्या माणसाला ४५ दिवसांच्या आत निर्णय झाला का ते कळवायचे. बायकोला हे वाचून दाखवले, तर ती म्हणाली, "म्हणजे तिथे निदान इस्त्रीचे पैसे वाचतील."

तोवर माझे मलाच एक निदान जमू लागले होते. खरी मागणी आणि फाइलपुरती मागणी यांतला फरक पुरवठादाराला फोनवरच कळतो, हे मला आमच्या एका पुरवठादाराने पूर्वी सांगितले होते. ज्याला माल खरोखर हवा असतो तो दरावर घासाघीस करतो आणि माल कधी पोहोचेल ते दोनदा विचारतो. फाइलवाला दर ऐकून म्हणतो, "छान, पाठवून द्या." मुलाखतीतही तसेच असते. पगाराचा आकडा मी सांगितला आणि समोरच्याचा चेहरा वाकडा झाला, तर माझ्या आशा पल्लवित होत. आकडा ऐकून तो प्रसन्नपणे 'ठीक आहे' म्हणाला, की मी फायलीची दोरी बांधू लागे. कधी रुजू व्हाल, हा प्रश्न मला सात मुलाखतींत एकदाही विचारला गेला नाही. पाचवीत एकाने विचारल्यासारखे वाटले होते. परंतु ते दार बंद करून घ्या, असे म्हणत होते.

आणि गेल्या महिन्यात त्याच पुरवठादाराचा फोन आला. एकवीस वर्षांत त्यांना मी ऑर्डरी दिल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि कोटेशने मागितली ती पोत्याने. मध्यंतरी त्यांचा धंदा वाढला, एका शेडच्या तीन शेड झाल्या. "साहेब, आमच्याकडे खरेदीला माणूस घ्यायचाय," ते म्हणाले. "तुम्ही याच." माझा कंठ दाटून आला. इतकी वर्षे ज्यांना वापरले त्यांनीच आठवण ठेवावी, या विचाराने मी त्या दिवशी सिटीलिंकची बस सोडून रिक्षा केली.

त्यांनी उठून माझे स्वागत केले. चहा आला, सोबत चिवडा आला. केबिनच्या काचेपलीकडे त्यांचे जावई संगणकावर बसले होते आणि त्यांच्यासमोर पुरवठादारांच्या फायली उघडलेल्या होत्या. शेठ थोडा वेळ माझ्या मुलांच्या शिक्षणाबद्दल बोलले, मग पावसाबद्दल, मग जरा घुटमळले. एका मोठ्या ग्राहक कंपनीचे ऑडिट सोमवारी होते आणि भरतीच्या फाइलला तीन उमेदवारांच्या मुलाखतींची नोंद लागत होती. त्यांनी एक छापील अर्ज माझ्यापुढे सरकवला, पेनाचे टोपण स्वतः काढून दिले, आणि आवाजात शक्य तितका निरागसपणा आणून म्हणाले, "एवढा भरून द्या, साहेब. आणि अपेक्षित पगार जरा वरचा टाका."

मी चिवड्याचा बकाणा संपवला, आणि दहा हजार वाढवून लिहिले.