कापराच्या धुराने हवा शुद्ध होत नाही: एअर प्युरिफायरवरच्या फॉरवर्डला उत्तर

थंडी पडली की बेळगावात गल्लीच्या, मंडळाच्या आणि भिशीच्या ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. त्यातला आशय असा: एअर प्युरिफायर म्हणजे शुद्ध लूट. बेळगाव गरिबांचं महाबळेश्वर, इथली हवा मुळातच चांगली. प्युरिफायर खोलीतला ऑक्सिजन ओढून घेतो. त्यापेक्षा नासाने सांगितलेली झाडं घरात ठेवा. रोज संध्याकाळी दारंखिडक्या लावून कापूर, गुग्गुळ आणि शेणीचा धूर करा, दम्याचा पंप आपोआप सुटेल. घ्यायचंच असेल तर आयन (विद्युतभार असलेले सूक्ष्म कण) सोडणारं यंत्र घ्या, त्यात फिल्टर बदलायचा खर्च नाही.

मी उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांमध्ये धूळ ओढणाऱ्या यंत्रणांची देखभाल करतो. वाळू, काजळी आणि फिल्टर हेच रोजचं काम. या मजकुरात एक गोष्ट बरोबर आहे आणि ती आधी मान्य करतो: आपल्याकडच्या बऱ्याच घरांना प्युरिफायरची गरज नाही. खानापूरच्या बाजूला झाडीत घर असेल, कुणाला दमा नसेल, स्वयंपाक गॅसवर होत असेल, तर ते पैसे दुसऱ्या कामाला वापरा. पण गरज नाही हे सांगताना बाकीचं जे लिहिलंय त्याने माणसं आजारी पडतील. ते वाचून गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक ओळ धुराची, म्हणून तिथूनच सुरुवात.

कोणतीही वस्तू जळली की बारीक कण तयार होतात. कापूर पवित्र आहे म्हणून त्याला हा नियम चुकत नाही. कापराच्या ज्योतीवर स्टीलची वाटी क्षणभर धरा, तळाला काळी काजळी धरते. बंद खोलीत तीच काजळी श्वासातून आत जाते. शेणीचा धूर त्याहून जड, कारण ती पूर्ण जळत नाही, नुसती धुमसते. धुमसणाऱ्या आगीतून बारीक कणांसोबत कार्बन मोनॉक्साइडही निघतो. उग्र वास घेतला की छाती मोकळी झाल्यासारखी वाटते, तो वासाचा परिणाम. श्वासनलिकेची सूज त्याने उतरत नाही. दम्याच्या माणसाला धूर हे झटका यायचं ठरलेलं कारण आहे, मग तो देवापुढचा असो की चुलीतला.

आरती बंद करा असं मी म्हणत नाही. देवघराची खिडकी उघडी ठेवून दोन मिनिटं कापूर लावला तर घराचं काही बिघडत नाही. पण उपचार म्हणून, दारं लावून, खोकणाऱ्या पोराला शेजारी बसवून धूर करणं हे थांबायलाच हवं.

डासांच्या कॉइलचं तेच. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजमाप आलं की एक कॉइल पूर्ण जळली की 75 ते 137 सिगारेटींएवढे बारीक कण बाहेर पडतात. घरात कुणी विडी ओढली तर आपण ओरडतो आणि रात्री बाळाच्या पाळण्याखाली कॉइल लावून झोपतो. ज्या घरात कॉइल जळते तिथे सगळ्यात आधी घ्यायची वस्तू मच्छरदाणी आहे. प्युरिफायरचा विचार त्यानंतर. न्हाणीत लाकडं आणि करवंट्या घालून पेटवायचा बंब असेल, तर त्याचा धूर घरात न येता थेट वर जाईल अशी नळी आधी बसवा. फोडणीचा ठसका जिथून उठतो तिथे एक्झॉस्ट फॅन लावा. धूर तयार होतो तिथेच तो पकडणं सगळ्यात स्वस्त पडतं. कारखान्यात आम्ही हेच करतो: जिथे धूळ उडते तिथेच हवा ओढणाऱ्या नळीचं तोंड लावतो, शेडभर पसरल्यावर तिच्यामागे धावत नाही.

आता महाबळेश्वर. उंची आहे, पाऊस भरपूर आहे, जून ते सप्टेंबर हवा धुऊन निघते, हे खरं. त्या दिवसांत प्युरिफायर बंद ठेवा आणि पाऊस नसेल तेव्हा खिडक्या उघडा. पावसाळ्यातली आपली अडचण वेगळी असते, ओल आणि बुरशी. हवेत उडालेले बुरशीचे कण प्युरिफायर पकडतो, पण भिंत वाळवत नाही. भिंतीत पाणी कुठून मुरतंय ते शोधून बंद करावं लागतं. आणखी एक. दमट हवेत प्युरिफायरवरचा आकडा कधीकधी उगीच चढतो, कारण आतला साधा सेन्सर धुकं आणि बाष्पाचे थेंब धूळ म्हणून मोजतो. तेवढ्यावरून घाबरू नका.

पण पाऊस संपल्यावरचे महिने बघा. गळीत हंगाम सुरू होतो, चिकोडी, रायबाग, अथणीकडे ऊसतोडीनंतर पाचट पेटतं. थंडीत पहाटेची हवा जमिनीलगत साचून राहते, त्यामुळे धूर वर न जाता वस्तीत बसतो. शहरात वीटभट्ट्या, जुन्या ट्रकांचा धूर, रस्त्याकडेला पेटवलेला कचरा आणि आमच्याच उद्यमबागेतल्या, मच्छेतल्या कारखान्यांची धूळ. साखर कारखान्याजवळच्या गावात वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे कण पडतात, त्याबद्दल सगळे बोलतात. ते कण डोळ्याला दिसतात म्हणजे मोठे आहेत. ते लवकर खाली बसतात, आत गेले तरी बहुतेक नाकाघशात अडकतात. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे कण अडीच मायक्रॉनच्या आतले, केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या भागाएवढे. एकेकटा कण दिसत नाही, म्हणून त्यांच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

या कणांसाठी आपल्या देशाची मर्यादा 24 तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅम आणि वर्षाच्या सरासरीला 40. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचवलेले आकडे अनुक्रमे 15 आणि 5. म्हणजे आपल्या मर्यादेत बसणारी हवासुद्धा दम्याच्या माणसाला त्रास देऊ शकते. ग्रुपवर कुणीतरी असंही लिहितं की केंद्राच्या 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कर्नाटकातली बेंगळुरू, दावणगेरे, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी एवढीच नावं आहेत, बेळगाव नाही. नाही, हे खरं. पण ती यादी ठरावीक केंद्रांवरच्या काही वर्षांच्या मोजणीवरून झाली. तुमच्या खिडकीसमोर रोज कचरा जळत असेल, तर शहराच्या सरासरीचा तुम्हाला उपयोग नाही.

नासाच्या झाडांचा विषय लवकर संपतो. 1989 चा तो प्रयोग खरा आहे. त्यात झाडं हवाबंद छोट्या पेट्यांत ठेवली होती आणि बेंझीन, फॉर्मल्डिहाइड अशा वायूंचं प्रमाण मोजलं होतं. धूळ आणि धुराच्या कणांचा तिथे प्रश्नच नव्हता. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी असे बरेच प्रयोग एकत्र तपासले. दारंखिडक्यांच्या फटींतून आपसूक होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करायची तर एका चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असं त्यांचं गणित निघालं. आपली 10 बाय 12 ची खोली साधारण 11 चौरस मीटरची, म्हणजे कमीत कमी 110 कुंड्या. अंगणातली तुळस, बाल्कनीतला मनी प्लांट जरूर असू द्या, पण प्युरिफायरच्या जागी ते चालत नाहीत.

प्युरिफायर ऑक्सिजन ओढून घेतो, हे तर साफ चूक. आत एक पंखा आणि एक फिल्टर. काही जळत नाही, ऑक्सिजन खर्च होत नाही. बंद खोलीत रात्रभर जीव घुसमटतो तो आपल्याच श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे, आणि तो वायू प्युरिफायर काढत नाही. म्हणून सकाळी खिडक्या उघडायच्याच, रात्रीही थोडी फट ठेवायची. इथे उलट बाजूचा गैरसमजही दूर करायला हवा, कारण तो जिवावर बेततो. कार्बन मोनॉक्साइड कोणताही घरगुती प्युरिफायर अडवत नाही, त्यातला कोळशाचा थरसुद्धा नाही. बंद न्हाणीतला गॅस गिझर आणि थंडीत खोलीत आणून ठेवलेली शेगडी यांच्यावर एकच उपाय आहे: गिझर बाहेर बसवणं आणि शेगडी आत न आणणं.

आयन सोडणाऱ्या यंत्राची शिफारस मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती स्वस्त म्हणून गरिबाच्या गळ्यात पडते. त्यातली काही यंत्रं ओझोन तयार करतात. पावसाआधी वीज चमकून गेल्यावर येणारा उग्र वास तो हाच. ओझोन फुप्फुसाला चुरचुरतो, दमा वाढवतो. कॅलिफोर्निया राज्यात 2010 पासून ओझोन 0.05 पीपीएमपेक्षा (हवेच्या दहा लाख भागांत 0.05 भाग) जास्त सोडणारे घरगुती प्युरिफायर विकता येत नाहीत. आणि आयनमुळे विद्युतभार चढलेले कण जातात कुठे? भिंतीवर, चादरीवर चिकटतात. झटकले की पुन्हा हवेत.

फिल्टरच हवा, आणि तो हेपा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा दाट तंतूंचा फिल्टर. ‘हेपा टाइप’ किंवा ‘हेपासारखा’ असं खोक्यावर असेल तर सोडून द्या. खरा हेपा 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण पकडतो. हाच आकार का, असं लोक विचारतात. फिल्टर चाळणीसारखा काम करतो असं आपण धरून चालतो, पण तंतूंमधल्या फटी त्या कणांहून मोठ्या असतात. मोठे कण वळता न आल्याने तंतूवर आदळतात, अगदी बारीक कण हवेत सैरावैरा हलत तंतूला चिकटतात. 0.3 च्या आसपासचे मधले कण निसटायला सगळ्यात सोपे, म्हणून परीक्षा त्यांच्यावर. घरगुती फिल्टरमध्ये बऱ्याचदा तंतूंवर विद्युतभारही असतो. तो फिल्टर नळाखाली धुतला की भार जातो, घड्या चिकटतात, आणि बाहेरून स्वच्छ दिसणारा फिल्टर आतून निकामी होतो. धुवायची ती फक्त पुढची जाळी.

दुकानात एकच आकडा आग्रहाने मागा: सीएडीआर, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते. 10 बाय 12 ची, 10 फूट उंच खोली साधारण 34 घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळून निघायची तर सीएडीआर 170 लागतो. पण खोक्यावरचा आकडा पंखा पूर्ण जोरात असतानाचा असतो, आणि त्या आवाजात कुणी झोपत नाही. त्यामुळे 300 च्या आसपासचा घेऊन मधल्या गतीवर चालवा. तो झोपायच्या खोलीत, भिंतीपासून फूटभर लांब, पडद्याआड नाही. छताचा पंखा चालू असला तरी हरकत नाही. बदलीचा फिल्टर बेळगावात मिळतो का, केवढ्याला मिळतो, हे यंत्राचे पैसे द्यायच्या आधी विचारा.

शहापूर, वडगावकडची जुनी कौलारू घरं मात्र वेगळी. वर मंगळुरी कौलं, खाली छत नाही, सगळीकडे फटी. जेवढी हवा गाळाल तेवढी वरून पुन्हा येते. तिथे प्युरिफायर घेऊन उपयोग नाही. आजारी माणसाच्या एका खोलीला छत मारून घेतलं तरच त्या खोलीपुरता विचार करा. निपाणीत घरीच विड्या वळणाऱ्या अक्कांनाही हेच सांगेन: मांडीवरच्या सुपातली तंबाखूची पूड यंत्रापर्यंत पोचायच्या आत नाकात जाते. काम उघड्या पडवीत, लहान मुलांपासून लांब, तोंडाला फडकं बांधून करणं जास्त उपयोगाचं. घरात झाडू मारण्याऐवजी ओलं पुसून घ्यावं.

विजेचं म्हणाल तर 40 वॉटचं यंत्र रोज आठ तास चालवलं तर महिन्याला दहा युनिटांच्या आत. राज्याच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत असलेल्यांनी हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) बिलावर आपली ठरलेली युनिटं बघून घ्यावीत, बस्स.

राहिला पंप. हवा कितीही सुधारली तरी श्वासनलिकेची सूज आटोक्यात ठेवायचं काम रोजचं औषध करतं. चांगला प्युरिफायर कणांचा मारा कमी करतो, त्याने झटके कमी येतील, रात्रीची झोप लागेल. पण बरं वाटतंय म्हणून पंप बंद केला की सूज गुपचूप वाढते आणि पहाटे तीनला रिक्षा शोधायची वेळ येते. डोस कमी करायचा असेल तर तो छातीच्या डॉक्टरांनी तपासून, टप्प्याटप्प्याने करायचा. ज्या मामांनी, काकांनी हा मजकूर पाठवला त्यांना फोन करून निदान एवढं सांगा, आणि घरात पंप घेणारं कुणी असेल तर तो आज घेतला का, तेही विचारा.