ओट्सचा ग्रॅनोला, खपली गहू आणि ‘थोडंसं चालतं’: त्या मेसेजला एका आईचं उत्तर

गेल्या महिनाभरात हा मेसेज मला चौघांकडून आला. आधी नणंदेने पाठवला, मग जुळे सोलापुरातल्या मैत्रिणीने, मग लेकीच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर दिसला, आणि परवा मंगळवेढ्याच्या आत्याने पाठवला, “तुझ्या पोरीच्या उपयोगाचं आहे बघ” असं लिहून. मायेनेच पाठवतात सगळे. म्हणून तर सविस्तर लिहिते.

मेसेज थोडक्यात असा (ग्रॅनोला म्हणजे धान्य, दाणे-बिया आणि काहीतरी गोड एकत्र भाजून केलेला नाश्त्याचा पदार्थ): “सिलिअ‍ॅक असलेल्यांनी काळजी करू नये. ओट्समध्ये ग्लूटेन नसतंच, त्यामुळे ओट्सचा कुठलाही ग्रॅनोला बिनधास्त खावा. पाकिटावर ‘मैदा नाही’, ‘मल्टीग्रेन’ लिहिलेलं असलं की झालं. खपली गहू जुना, देशी, त्यातलं ग्लूटेन बाधत नाही. ग्रॅनोला भाजलेला असतो, भाजल्यावर ग्लूटेन मरतं. आणि थोडं थोडं खात राहिलं की शरीराला सवय होते.”

माझी लेक नऊ वर्षांची असताना तिला सिलिअ‍ॅक असल्याचं निदान झालं. त्याआधी दीड वर्ष आम्ही तिला लोहाचं औषध पाजत होतो आणि हिमोग्लोबिन काही वर येत नव्हतं. पोट फारसं दुखायचंही नाही, नुसती उंची थांबलेली. सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हाचं अपचन नव्हे, गव्हाची अ‍ॅलर्जीही नव्हे. ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते, त्या अस्तरावरची बारीक लव झिजून सपाट होते, आणि मग अन्नातलं लोह, कॅल्शियम अंगी लागत नाही. गहू, जव आणि राय (हे एक परदेशी धान्य, मोहरी नव्हे) या तिन्ही धान्यांत ते ग्लूटेन असतं. औषध एकच: आयुष्यभर ते न खाणं.

आता ओट्स. मेसेजमधलं हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि म्हणून सगळ्यात घातक आहे. ओट्समधलं प्रथिन वेगळं, त्याला अ‍ॅव्हेनिन म्हणतात, आणि बहुतेक सिलिअ‍ॅक रुग्णांना निव्वळ ओट्स सोसतात. काहींना तेही सोसत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारूनच सुरू करायचे. पण बाजारातले साधे ओट्स निव्वळ नसतात. शेतात आधीचं पीक गव्हाचं, कापणीचं यंत्र तेच, ट्रक तोच, गिरणी तीच. २००४ साली अमेरिकेत ट्रिशिया थॉम्पसन या आहारतज्ज्ञ बाईंनी तीन ब्रँडच्या ओट्सचे १२ नमुने तपासले. त्यातल्या ९ नमुन्यांत किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन निघालं, एकात तर १८०७. ग्रॅनोला करताना यातलं काहीही कमी होत नाही. ऑस्ट्रेलियात तर ओट्स असलेल्या पदार्थावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायलाच परवानगी नाही. आपल्याकडेही लेबलच्या नियमांत गहू, राय, जव यांच्या पंगतीतच ओट्स बसवलेले आहेत.

हा २०चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणवायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत राहावं लागतं. तसा ५० ग्रॅम ग्रॅनोला वाटीत घेतला तर जास्तीत जास्त १ मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात जातं. तेवढाच ग्रॅनोला त्या १८०७वाल्या ओट्सचा असेल तर ९० मिलिग्रॅम. डोळ्यांना दोन्ही वाट्या सारख्याच दिसतात.

‘मैदा नाही’ या शब्दांनी तर मी स्वतः फसले आहे. पहिल्या वर्षी एका दुकानातून मोठ्या हौसेने ‘मल्टीग्रेन’ ग्रॅनोला आणला. मैदा खरंच नव्हता. गव्हाचे फ्लेक्स होते, आणि शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात माल्ट एक्स्ट्रॅक्ट. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव. गोडव्यासाठी आणि रंगासाठी तो ग्रॅनोलात, कॉर्नफ्लेक्समध्ये सर्रास घालतात. म्हणजे नुसत्या मक्याचं दिसणारं पाकीटसुद्धा उलटून वाचावं लागतं. ‘मल्टीग्रेन’चा अर्थ अनेक धान्यं एवढाच, आणि त्या अनेकांत बहुतेकदा गहू असतोच. मुळात हा पदार्थ जन्मला तोच गव्हातून: १८६३ साली न्यूयॉर्क राज्यात डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी ‘ग्रॅन्युला’ केला, तो कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचा होता.

आपल्या भाषेतली एक गल्लतही इथेच सांगते. जव वेगळा आणि जवस वेगळं. जव म्हणजे बार्ली, तो वर्ज्य. जवस म्हणजे चटणीचं, ते खुशाल खावं. माझ्या जाऊबाई वर्षभर लेकीला जवसाची चटणी देत नव्हत्या आणि सातूचं पीठ मात्र प्रेमाने कालवून देत होत्या. आपल्याकडच्या सातूच्या पिठात भाजलेले गहू असतात, आणि सातू म्हणजे जवही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, त्यांचा काय दोष?

खपलीबद्दल बोलताना मन जड होतं, कारण आमच्याकडे लग्नकार्यात हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, लागते आणि ती खपलीचीच लागते. खपली जुनी आहे, चवीची आहे, सगळं मान्य. पण ती गहूच आहे आणि तिच्यात ग्लूटेन आहे. मधुमेहासाठी तिचं जे काही कौतुक होतं त्याचा सिलिअ‍ॅकशी काही संबंध नाही. धान्य देशी की परदेशी, हे आतड्याला कळत नाही. हुग्गी लेकीच्या पानात पडत नाही, पडणारही नाही.

भाजल्याने ग्लूटेन मरतं, हे खरं असतं तर पाव, खारी, टोस्ट सगळंच चाललं असतं. भट्टीतूनच तर येतात ती.

आणि सवय. या एका वाक्याचा मला मनापासून राग येतो, कारण ते ऐकून कुणीतरी आपल्या लेकराला रविवारी एक पोळी वाढणार आहे. १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. या आजाराची मुलं तेव्हा सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांचा गव्हावर आधीपासून संशय होता. त्यांनी पुढे अभ्यास करून १९५० साली प्रबंधातून ते मांडलं. ती मुलं लहानपणापासून पाव खात होती. सवयच व्हायची तर त्यांना झाली असती. २००७ साली इटलीतल्या कार्लो कतास्सी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात रुग्णांना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं, तेवढ्यानेही आतड्याचं अस्तर बिघडलं. पावाच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम ग्लूटेन असतं, म्हणजे त्याच्या चाळीसपट. त्रास जाणवला नाही याचा अर्थ इजा झाली नाही असा नव्हे. माझ्या लेकीला दीड वर्ष काय जाणवत होतं? काहीच नाही.

यात आणखी एक सांगायचं राहू नये. हे वाचून कुणाला आपल्या मुलाबद्दल शंका आली तर आधी गहू बंद करू नका. टीटीजी ही रक्ततपासणी आणि गरज पडली तर दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्ही गहू खाणं चालू असतानाच करायचं असतं. आधीच बंद केलं तर तपासणी खोटा दिलासा देते.

मग ग्रॅनोला खायचाच नाही का? खायचा. ज्वारीचा सोलापूर जिल्हा आहे हा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मालदांडी ज्वारीचं ३५-१ वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलं. ज्वारीत ग्लूटेन नाही. पण ज्वारीचाही प्रवास बघावा लागतो. गिरणीत आपण “ज्वारीवर ज्वारी दळा” म्हणतो ते चवीसाठी. सिलिअ‍ॅकवाल्याला तेही पुरत नाही, कारण दगडात, डब्यात आणि हवेत गव्हाचं पीठ असतंच. आम्ही घरघंटी घेतली, तिच्यात गव्हाचा दाणा जात नाही. भट्टीवरच्या लाह्याही बंद केल्या, कारण त्याच वाळूत गहू भाजले जातात.

लाह्या घरी होतात. ज्वारी निवडून गरम पाण्यात बुडवायची, निथळून रात्रभर फडक्यात बांधायची, सकाळी सुकवून तापलेल्या लोखंडी कढईत मूठ मूठ फोडायची. गणंग चाळून काढायचे, नाहीतर दातांखाली येतात. चार वाट्या लाह्या, दोन वाट्या राजगिऱ्याच्या लाह्या, वाटीभर भाजलेले, सोललेले शेंगदाणे, तीळ, जवस, भोपळ्याच्या बिया. पाऊण वाटी गूळ दोन चमचे तुपात फेस येईपर्यंत विरघळवून त्यात सगळं कालवायचं, ताटात पसरून १५० अंशांवर पंधरा मिनिटं भाजायचं. गार होईपर्यंत हात लावायचा नाही, तेव्हाच खडे धरतात. शेवटी पंढरपूर भागातले बेदाणे. दह्यावर हा ग्रॅनोला आणि वरून डाळिंबाचे दाणे, हा लेकीचा शाळेआधीचा नाश्ता. विकतचा घ्यायची वेळ आलीच तर ‘ग्लूटेन-फ्री’ असं स्पष्ट लिहिलेला आणि घटकांत गहू, जव, माल्ट नसलेलाच. ओट्सचा असेल तर ते ओट्सही ग्लूटेन-फ्री म्हणून तपासलेले हवेत.

आत्या, तुझा मेसेज मी पुढे पाठवला नाही. तू संक्रांतीला येशील तेव्हा गिरणीतलं पीठ आणू नकोस, दरवेळी आणतेस तसं. अख्खी ज्वारी आण, नव्या पोत्यात भरून, गव्हाच्या रिकाम्या पोत्यात नको. दळायचं आणि फोडायचं मी बघते.