‘क्विझ’ डब्लिनच्या भिंतींवर जन्मला नाही

गणपती जवळ आले की गिरगावपासून दादरपर्यंत मंडळांच्या प्रश्नमंजूषांची तयारी सुरू होते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज हमखास फिरतो. १७९१ साली म्हणे डब्लिनच्या रिचर्ड डेली या नाटकवाल्याने पैज मारली, की एका दिवसात एक निरर्थक शब्द अख्ख्या शहराच्या तोंडी करून दाखवीन. रातोरात पोरांकरवी भिंतीभिंतीवर खडूने ‘क्विझ’ लिहून घेतलं. सकाळी जो तो विचारू लागला, हे काय? म्हणून क्विझ म्हणजे प्रश्नोत्तरं.

आमच्या भागातल्या एका स्पर्धेत हेच विचारलं होतं. ‘उगम माहीत नाही’ म्हणणाऱ्या मुलीला शून्य दिलं. तिचंच उत्तर बरोबर होतं.

आधी साल बघा. डेली खराच होता, डब्लिनचं स्मॉक अ‍ॅली थिएटर तो चालवायचा. पण फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेच्या रोजनिशीत हा शब्द १७८२ सालीच आलाय. पैजेच्या नऊ वर्षं आधी!

मला जास्त खटकतो तो अर्थाचा घोळ. सुरुवातीला क्विझ म्हणजे विक्षिप्त, हसू येईल असा माणूस किंवा वस्तू. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ या कादंबरीत थॉर्प नावाचा तरुण सख्ख्या आईला विचारतो, ही असली क्विझ टोपी कुठून आणलीस, म्हातारी चेटकीण दिसतेस. एखाद्याला ‘क्विझ करणं’ म्हणजे त्याची टर उडवणं, त्याला रोखून बघत खिजवणं. हातात धरायच्या दांडीच्या एकभिंगी चष्म्याला ‘क्विझिंग ग्लास’ म्हणत, ते या बघण्यावरूनच. विद्यार्थ्यांना प्रश्न विचारण्याचा अर्थ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुळला. मग डब्लिनकरांच्या ‘हे काय?’मधून तो निघाला कसा?

शिवाय ही कथा छापून आलेली दिसते ती १८३० च्या दशकात. डेली १८१३ सालीच वारला होता. मुदतही कुठे चोवीस तास, कुठे अठ्ठेचाळीस.

लॅटिन ‘क्वि एस’, म्हणजे ‘तू कोण’, यावरून शब्द आला असंही सांगतात. त्यालाही पुरावा नाही. कोशांत ‘उगम अज्ञात’ असंच लिहिलेलं असतं. त्यामुळे यंदा प्रश्न काढणाऱ्यांनी डेलीचं नाव उत्तरपत्रिकेतून काढावं. विचारायचंच असेल तर या शब्दाचा जुना अर्थ विचारा.