वाळवंटाचा नकाशा म्हणे सोफ्यावर बसून!

"वाळवंटात झाड नाही, माती नाही, गवत नाही. सगळा दगड उघडा. वरून फोटो काढला की नकाशा तयार. मग हे भूगर्भवाले लाखो रुपये खर्चून उन्हात कशाला भटकतात?" अशी सुरुवात असलेला सहा मुद्द्यांचा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. फिरेना का, असे रोज पन्नास फिरतात. पण हा म्हापशाला आमच्या भावोजींच्या फोनवर जाऊन पडला. भाची बीएस्सीला भूशास्त्र घेऊन दुसऱ्या वर्षाला, राजस्थानच्या फील्ड कॅम्पचे पैसे भरायची तारीख तोंडावर, आणि भावोजी विचारतायत, "मोबाइलवर होतं तर तिला पाठवायची कशाला?" म्हणून हे उत्तर. नकाशा म्हणजे इथे कुठे कोणता खडक आहे ते दाखवणारा, भूशास्त्राचा. मेसेजमधली उदाहरणं कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीची आणि राजस्थान-कच्छची आहेत, म्हणून मीही तिथेच राहतो.

पहिला मुद्दा: "रंग बघा, खडक ओळखा." हे लिहिणाऱ्याने आयुष्यात एकही दगड फोडून बघितलेला नाही.

वाळवंटात दगड हजारो वर्षं उघड्यावर पडला की त्याच्यावर काळपट तपकिरी लेप चढतो. त्याला वाळवंटी वार्निश म्हणतात. मँगॅनीज आणि लोखंडाची ऑक्साइडं, त्यात बारीक चिकणमाती. जाडी बहुधा ०.२ मिलिमीटरपेक्षाही कमी. पण कॅमेऱ्याला दिसतो तो हा लेपच. आत पांढराशुभ्र क्वॉर्टझाइट (वाळूचा घट्ट, कठीण झालेला खडक) असला तरी वरून तो बसाल्टसारखा काळा. उलटही होतं. डोंगरातल्या ओढ्यांनी पायथ्याशी पंख्यासारखे पसरलेले दगडगोट्यांचे उतार, ज्यांना फॅन म्हणतात, त्यांत एकाच फॅनचा एक पट्टा काळा आणि शेजारचा फिकट दिसतो. दगड दोन्हीकडे तेच. काळा पट्टा जुना, फिकट नवा. म्हणजे रंगाने इथे खडक सांगितलाच नाही, वय सांगितलं.

हे समजायला गोवेकराला परदेशी जायला नको. आपले सडे, म्हणजे चिऱ्याची (जांभ्या दगडाची) पठारं, बघा. पेडण्यापासून सासष्टीपर्यंत वरून सगळं तांबडं. खाली निरनिराळे खडक: कुठे ग्रेवॅक, कुठे फिलाइट, सत्तरीच्या ईशान्य टोकाला बसाल्ट. वर मात्र चिरा तो चिराच. रंगावर विसंबून गोव्याचा नकाशा काढला तर एकाच तांबड्या खडूत काम आटोपेल.

आणि जिथे वार्निश नाही तिथे? डेथ व्हॅलीच्या डोंगरांत राखाडी चुनखडक आणि राखाडी डोलोमाइट यांचे हजारो फुटांचे थर एकमेकांवर रचलेत. दहा टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला की चुनखडक तिथल्या तिथे फसफसतो. डोलोमाइट गप्प बसतो. चाकूने खरवडून भुकटी केली तरच थोडे बुडबुडे येतात. इथेही नवशिका फसतो, कारण वाळवंटात खडकांवर चुन्याचं पांढरट कवच साचलेलं असतं, आणि ते कवच क्वॉर्टझाइटवर असलं तरी फसफसतंच. म्हणून आधी हातोड्याने ताजा चेहरा, म्हणजे दगडाचा आतला न झिजलेला भाग, काढायचा, तो दहापट भिंगाखाली बघायचा, मग थेंब. उपग्रहाने हा थेंब कुठून टाकायचा?

आणखी एक. क्वॉर्टझाइटचा कडा आणि त्याखाली शेलचा (चिखलाच्या थरांपासून झालेल्या खडकाचा) मऊ उतार अशी जोडी असली की कड्याचे तुकडे गडगडत येऊन शेल झाकून टाकतात. फोटोत अख्खा उतार क्वॉर्टझाइटचा. चालणारा माणूस ओहोळाच्या कापात डोकावतो, दोन हात पसारा बाजूला करतो आणि शेल तिथे हजर.

आता चरफडत का होईना, एक कबूल करतो. वाळवंटात उपग्रहाचा उपयोग गोव्यापेक्षा कितीतरी जास्त होतो, आणि कुठलाही शहाणा भूशास्त्रज्ञ फोटो न बघता निघत नाही. १९९९ साली उपग्रहावर गेलेल्या ॲस्टर उपकरणाचे थर्मल बँड, म्हणजे उष्णतेच्या किरणांचे पट्टे, क्वार्ट्झवाला खडक आणि कार्बोनेट (चुनखडक, डोलोमाइट असे) खडक वेगळे दाखवतात, बऱ्यापैकी दाखवतात. पण त्या बँडच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवर ९० मीटर. आणि चिकणमातीची खनिजं, कार्बोनेटं यांच्यासाठी ज्या लघुलहरी अवरक्त बँडांवर सगळे खूश होते, ते २००८ मध्येच बिघडले. त्यानंतरच्या चित्रांत ते मिळत नाहीत. मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक असेल असं वाटत नाही.

दुसरा मुद्दा: "खालचा थर नेहमी जुना, हा शाळेतला नियम. वरून क्रम लावला की झालं." शाळेतला नियम बरोबर आहे. डॅनिश शास्त्रज्ञ स्टेनोने तो १६६९ मध्ये मांडला आणि थर हलले नसतील तिथे तो आजही चालतो. 'हलले नसतील तिथे' एवढंच मेसेजमधून गळलं.

डेथ व्हॅलीच्या दक्षिण भागात लेव्ही नोबल या भूशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये एका खडकसमूहाला नाव दिलं: अमरगोसा केऑस. केऑस म्हणजे गोंधळ. काही फुटांपासून शेकडो मीटरपर्यंतचे तुकडे, वेगवेगळ्या वयांचे, एकमेकांवर रेललेले, प्रत्येकाच्या कडेला भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याची भेग. नोबलचा निष्कर्ष असा की बाजूच्या दाबाने सरकत वर चढलेल्या मोठ्या खडकपट्ट्याचे, म्हणजे थ्रस्टचे, हे अवशेष. पुढे लॉरेन राइट आणि बेनेट ट्रॉक्सेल यांनी तोच भाग पायी तपशीलवार नोंदला आणि १९८४ मध्ये नकाशा छापला. त्यांना दिसलं ते वेगळं: तुकडे चुरगळलेत खरे, पण बहुतेक ठिकाणी आपापल्या मूळ क्रमानेच बसलेत. फक्त मधले थर भ्रंशांनी कापून गायब केलेत आणि एरवीचा जाड थर पातळ झालाय. हा दाबाचा नव्हे, ताणाचा पुरावा. ढोबळ नियम असा: थ्रस्टने जुना खडक नव्यावर चढतो आणि थर पुन्हा पुन्हा येतात, ताणाच्या भ्रंशाने नवा खडक जुन्यावर येतो आणि मधले थर हरवतात. दगड तेच, डोंगर तोच. फरक पडला तो प्रत्येक तुकडा कुठल्या थराचा हे जागेवर जाऊन ठरवण्याने. फोटोत ती टेकडी म्हणजे नुसती रंगीबेरंगी खिचडी.

थर उलटा झालाय का, हेही वरून कळत नाही. वालुकाश्मातले तिरके पापुद्रे वरच्या टोकाला कापलेले असतात आणि खाली हळूहळू सपाट होत मिळतात. चिखलाच्या भेगा वर रुंद, खाली निमुळत्या. या खुणा बोटाएवढ्या असतात. गुडघे टेकल्याशिवाय दिसत नाहीत.

तिसरा मुद्दा: "डोंगर संपतो तिथेच भ्रंशाची रेघ मारा. मधलं खोरं म्हणजे नुसती वाळू, पिवळा रंग भरा." पहिला मुद्दा हसण्यावारी नेता येतो. हा नेता येत नाही, कारण माणसं राहतात, विहिरी खणतात आणि रस्ते बांधतात ते याच पिवळ्या रंगावर.

डोंगराचा पायथा झिजत झिजत मागे सरकतो. मूळ भ्रंश तिथेच राहतो, गाळाखाली, कधी कधी पायथ्यापासून बराच दूर खोऱ्यात. म्हणून जिथे डोंगर संपतो तिथे रेघ मारणं म्हणजे शुद्ध अंदाज. जिथे भ्रंश अलीकडे हलला असेल तिथे फॅनला चिरत गेलेली मीटर-दोन मीटरची पायरी मिळते. ती बघायची तर ऊन अगदी तिरकं हवं, सूर्योदयानंतर लगेच किंवा मावळतीला. लँडसॅट उपग्रह वरून जातो सकाळी दहाच्या सुमारास, आणि त्याचा एक ठिपका ३० मीटरचा. आणि कधी पायरीही नसते. २६ जानेवारी २००१ चा भूज आठवतो ना? तो भूकंप करणारा भ्रंश जमिनीवर फुटून आलाच नाही.

खोऱ्यातली 'नुसती वाळू' म्हणजे काय, तेही बघा. फॅनवर कुठला भाग जुना आणि पुराच्या टप्प्याबाहेर, कुठला पुढच्या पावसात वाहणारा, हे ठरवायला एक गोटा उचलून उलटा करतात. पोटाला चुन्याचा पांढरा थर असतो. पृष्ठभाग नवा असेल तर नुसता धुरकट पापुद्रा, जुना असेल तर नखाने न निघणारं कवच. त्यासोबत दगडांची फरसबंदी जमलीय का, खाली छिद्राछिद्रांची मऊ माती आहे का, हे छोटा खड्डा काढून बघायचं. डेथ व्हॅलीच्या आग्नेयेला टेकोपाच्या जुन्या तळ्याच्या चिखलात ज्वालामुखींच्या तीन वेगवेगळ्या महास्फोटांची राख सापडते: सुमारे २१ लाख, ७.६ लाख आणि ६.३ लाख वर्षांपूर्वीची. हे राखेचे थर म्हणजे त्या खोऱ्याचं घड्याळ. पण राखेचा थर वीतभर असला तर ३० मीटरच्या ठिपक्यात तो कुठे दिसणार?

आणि खोली? ती तर कुठल्याच फोटोत नाही. गाळ हलका, खालचा खडक जड, म्हणून गुरुत्व मोजतात. घनतेतला फरक घन सेंटिमीटरला ०.४ ग्रॅम धरला तर एक किलोमीटर जाडीच्या गाळामुळे गुरुत्व सुमारे १७ मिलिगॅलने (मिलिगॅल हे गुरुत्वाचं बारीक एकक) कमी भरतं. चुका कुठे होतात? जागेची उंची एक मीटरने चुकली की ०.२ मिलिगॅलची चूक, म्हणून उंची काटेकोर घ्यावी लागते. दुसरं, खाली जाताना गाळ दबून जड होत जातो. वरचा हलका आकडाच तळापर्यंत लावला तर खोरं आहे त्यापेक्षा उथळ निघतं. म्हणून बोअरच्या नोंदी आणि भूकंपीय सर्वेक्षण यांच्याशी पडताळा. बारमेरच्या वाळूखाली २००४ मध्ये मंगला तेलक्षेत्र सापडलं, ते काही पिवळा रंग भरून नाही.

चौथा मुद्दा: "जैसलमेरला शंख-शिंपले मिळतात, म्हणजे महाभारतकाळी तिथे समुद्र होता." समुद्र होता, खरंच. ज्युरासिक काळात. त्याच पट्ट्यात आकलला दगड झालेले झाडांचे ओंडके पडलेत, वय सुमारे १८ कोटी वर्षं. कच्छच्या थरांत अमोनाइट, म्हणजे गुंडाळलेल्या शंखाचे समुद्री प्राणी, सापडतात, आणि ते जगातून ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. महाभारत मध्ये आणायची गरज नाही.

पाचवा: "ॲप आणि एआय तीन बिंदूंवरून थराचा कल काढतात." काढतात. कल म्हणजे थर किती तिरका आहे ते. थर वाकलेला नसेल आणि बिंदू लांब लांब असतील तर ठीकही निघतो. पण बिंदू शंभर मीटरवर असतील आणि उंचीच्या नकाशात दहा मीटरची चूक असेल, तर कलात सरळ सहा अंशांची चूक होते. थर डोंगराच्या उताराला समांतर कललेला असेल तर वीस मीटरचा थर अख्खा उतार व्यापतो आणि ॲप त्याला शेकडो मीटर जाड समजतं. एआयला शिकवलंय तेही पायी फिरून काढलेल्या नकाशांवरच. आणि चांगल्या नकाशात नुसत्या रेघा नसतात. अखंड रेघ म्हणजे सीमा जागेवर बघितली. तुटक म्हणजे अंदाजे. ठिपक्यांची म्हणजे गाळाखाली झाकलेली. प्रश्नचिन्ह म्हणजे आहे की नाही तेच नक्की नाही. एआयचा नकाशा बघा, सगळीकडे अखंड रेघ. कुठेच शंका नाही. असा नकाशा भाचीने वर्गात दाखवला तर गुण कापले जातील.

सहावा: "भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सगळं मॅप केलंय, भूकोशवर फुकट आहे." आहे, आणि सर्वेक्षणाच्या त्या संकेतस्थळावरून जरूर उतरवून घ्या. १:५०,००० प्रमाण आहे ते. नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर, पेन्सिलच्या रेघेची जाडीच २५ मीटर. विहीर, पूल, खाण यांना तेवढ्यावर चालत नाही.

भावोजी, पैसे भरा. भाचीसाठी एवढंच: होकायंत्रावर चुंबकीय फरक, म्हणजे सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन, लावायला विसरू नको. गोव्यात तो जेमतेम अंशभर, म्हणून कोणी लक्ष देत नाही. डेथ व्हॅलीत तो अकरा-बारा अंश पूर्वेला आहे. तिथे विसरलं तर किलोमीटरभर चालल्यावर दोनशे मीटर बाजूला निघायला होतं. फोनमधलं होकायंत्र जीपजवळ धरू नको, आणि डिचोलीच्या लोहखनिजाच्या टेकडीवर तर त्याच्यावर अजिबात विसंबू नको. हातोडा विमानात केबिन बॅगेत चालत नाही, सामानात टाक. ॲसिड मात्र कुठल्याच बॅगेत चालत नाही, ते तिथे पोचल्यावर सरांकडून घे. पातळ करायची वेळ आली तर ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही.