काका, भोक पाडलेलं नाहीये!

काका (नाव टाकलेलं नाहीये तुम्ही, पण 'तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं गिटार वाजवतोय' असं लिहिलंय म्हणून काका म्हणतोय, चालवून घ्या), तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा डोकं फिरलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा जरा हसू आलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर उठून मल्टीमीटर शोधायला लागलो, ते का ते पुढे येईलच.

बाकीच्यांसाठी थोडक्यात, कारण वरती स्क्रोल करायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. मी माझ्या एपिफोन डॉटवर (सेमी-हॉलो, म्हणजे अर्धी पोकळ इलेक्ट्रिक गिटार) बिग्सबी (दांडी दाबली की सगळ्या तारांचा सूर हलवणारं यंत्र) बसवली आणि त्यावर पोस्ट टाकली. काकांचं म्हणणं असं की चांगल्या सेमी-हॉलोला भोकं पाडून मी तिची वाट लावली, मला ट्रेमोलो आणि व्हायब्रॅटोतला फरक कळत नाही, बिग्सबी कधीच ट्यूनला राहत नाही तरी मी पोरांना भलत्या नादाला लावतोय, आणि शेवटी जाता जाता, 'व्हिडिओत हम (अँपमधून येणारी सततची घूं) येतोय तो ऐकू येत नाही का?'

आधी भोकं. एकही नवीन भोक पाडलेलं नाहीये हो. फोटोत जे दोन मोठे बोल्ट दिसतायत ते जुन्या स्टॉप टेलपीसच्या (तारांची मागची टोकं धरणारी पट्टी) स्टडच्याच, म्हणजे तिच्या दोन जाड स्क्रूंच्याच जागी आहेत. मध्ये एक अडॅप्टर प्लेट येते, ती त्या दोन भोकांवर बसते, बिग्सबी त्या प्लेटवर, आणि मागची बाजू स्ट्रॅपच्या बटणाच्या स्क्रूवर, जो आधीपासून होताच. जुना टेलपीस, स्टड सगळं बाकरवडीच्या रिकाम्या डब्यात घालून माळ्यावर ठेवलंय, उद्या कोणी गिटार विकत मागितली तर अर्ध्या तासात होती तशी करून देईन. (विकणार नाहीये.)

आणि समजा पाडली असती भोकं, तरी 'आत पोकळ आहे, वरची प्लाय फाटेल' हे तुमचं म्हणणं डॉटला लागू होत नाही. गिब्सनने १९५८ साली ईएस-३३५ काढली तेव्हा तिची गंमतच ही होती की दोन्ही बाजूला पोकळ आणि मधून सलग लाकडाचा ठोकळा, फीडबॅक कमी व्हावा म्हणून. डॉट त्याच घराण्यातली, एपिफोन १९५७ पासून गिब्सनकडेच आहे. टेलपीसचे स्टड त्या ठोकळ्यातच जातात. पूर्ण हॉलो असती तर गोष्ट वेगळी, तिथे मी पण ड्रिल हातात घेतलं नसतं. राहता राहिलं 'कंपनीने दिली तशी ठेवावी', तर काका, खुद्द गिब्सननेच जुन्या काळात स्टॉप टेलपीसची भोकं पाडून झालेल्या ३३५ वर बिग्सबी लावून विकल्यात आणि उघडी पडलेली भोकं झाकायला वर 'कस्टम मेड' लिहिलेली छोटी पट्टी ठोकलीये. म्हणजे झाकपाक काय आपणच करतो असं नाही.

ट्रेमोलो की व्हायब्रॅटो, यात तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात आणि तरी मी ट्रेमोलोच लिहिणार. आवाज लहानमोठा होतो तो ट्रेमोलो, सूर वरखाली होतो तो व्हायब्रॅटो. आपल्याकडे कोणाला समजावायचं तर पेटीचं उदाहरण बेस्ट, पेटीला ट्रेमोलोची जी खुंटी असते ती ओढली की आतली झडप हवेवर फडफडते आणि आवाज थरथरतो, सूर आहे तिथेच राहतो. बिग्सबीत तसलं काही नाही, तिथे सूरच हलतो. पण घोळ मी घातलेला नाही, लिओ फेंडरने घातलाय. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवर सूर हलवणारं यंत्र लावलं आणि नाव दिलं ट्रेमोलो, आणि पुढे अँपवर आवाज हलवणारं सर्किट दिलं त्याला म्हणाला व्हायब्रॅटो. पॉल बिग्सबीने मात्र आपल्या यंत्राला 'ट्रू व्हायब्रॅटो' असंच बरोबर नाव दिलं होतं. पण आता दुकानात जाऊन 'व्हायब्रॅटो आर्म द्या' म्हटलं की समोरचा बघत राहतो, ट्रेमोलो म्हटलं की लगेच हातात.

आता मुख्य भांडण, ट्यूनिंग.

बसवली त्या दिवशी तुमच्यासारखंच माझं मत झालं होतं, आणि हे मी पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, नाही लिहिलं, चूक झाली. दांडी एकदा हलकी दाबायची, सोडायची, की जीची तार बोंबलली. बाकी पाच ठीक, जी आपली वेगळ्याच गावाला. तीन आठवडे मी बिग्सबीला शिव्या घातल्या. मग एका गोष्टीकडे लक्ष गेलं. दांडी दाबून सोडल्यावर जी उतरलेली नसायची, चढलेली असायची. हे महत्त्वाचं आहे, कारण तार अडकते कुठे हे त्यावरून कळतं. दांडी दाबली की तार सैल पडते आणि नटवरून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा खुंट्यांकडे जातात) थोडी खुंटीकडे सरकते, सोडल्यावर ती परत यायला हवी, पण नटच्या खाचेत अडकली तर तिकडेच राहते आणि इकडचा सूर चढा लागतो. उलट दुसऱ्या टोकाला, ब्रिजच्या सॅडलवर (तार जिच्यावर टेकते त्या खाचेवर) अडकली तर दांडी सोडल्यावर सूर उतरलेला लागतो. म्हणजे चढली तर नट, उतरली तर ब्रिज. माझी चढत होती. नटच्या पुढे, वाजवतो त्या बाजूला तार बोटाने जरा खेचली की टुक् करून सूर परत जागेवर! बिग्सबीचा संबंधच नाही.

जीच का, तर या हेडस्टॉकला तीन खुंट्या इकडे तीन तिकडे, त्यामुळे मधल्या डी आणि जी या तारा नटमधून निघाल्या की सगळ्यात जास्त तिरप्या वळतात आणि खाचेच्या भिंतीला घासतात. ट्यून करताना खुंटी फिरवली, काही झालं नाही, अजून फिरवली आणि 'टिंग' करून सूर उडी मारून पुढे गेला, हे प्रत्येकाने अनुभवलेलं असतं, तो हाच अडकलेला नट. स्टॉप टेलपीस असताना हे खपून जातं कारण एकदा ट्यून केली की तार जागची हलत नाही. बिग्सबी तिला रोज दोनशे वेळा हलवते आणि नटचं पितळ उघडं पडतं.

ज्यांच्याकडे गिटार नेली त्यांनी खाच रुंद केली नाही, फक्त खुंटीच्या दिशेला जरा वळवून घासली, पाच मिनिटांचं काम. वर मी खाचेत सहा बी पेन्सिलचं शिसं घासतो, दर वेळी तारा बदलताना. नंतर ब्रिज पण रोलरचा लावला, कारण माझ्या बिग्सबीला (बी ७ मॉडेल) जो टेन्शन बार असतो तो तारा खाली दाबतो आणि ब्रिजवरून उतरताना कोन फारच खडा होतो. आता गाणं संपेपर्यंत राहते ट्यूनला. स्ट्रॅटवाल्यांसारखं तार लोळेपर्यंत दाबायचं तिचं कामच नाही, कॉर्ड वाजवून संपताना ती अख्खी कॉर्ड जराशी झुलवायची, बस. सतारीवर तार खेचून मींड घेतो तेव्हा सूर फक्त वर जातो आणि एकाच तारेचा जातो, इथे सहाच्या सहा तारा एकदम खाली झुकून परत येतात. त्या झुलण्यासाठी हा सगळा उपद्व्याप.

तारा बदलणं मात्र शिक्षा आहे, ते मान्य. तारेचं टोक बारीक खिळीत अडकवायचं, दांड्याखालून फिरवायचं, आणि खुंटीला पीळ देईपर्यंत ते तीनदा निसटतं. सगळ्या तारा एकदम काढल्या की स्प्रिंग पण खाली पडते, कारण तिला धरून ठेवणारं तारांच्या ताणाशिवाय काहीच नसतं. माझी कॉटखाली गेली होती, आईने झाडताना काढून दिली, 'हे तुझ्या मिक्सरचं आहे का' म्हणून.

आता हम. हा कबुलीजबाब आहे.

प्लेटसोबत आलेले बोल्ट इंची आट्यांचे होते, अमेरिकन गिब्सनला चालतात. एपिफोनला मेट्रिक आटे, एम ८. हे मला माहीत नव्हतं, मी दीड आटा आत घातला, अडकला, आणि मी काय करावं, तर पाना लावला. बोल्टबरोबर आतला बुशच (लाकडात ठोकलेली आट्यांची धातूची नळी) फिरला आणि केसभर वर आला. मग शहाणपण सुचलं, बोल्ट काढला, बोहरी आळीत गेलो. दुकानदाराने बोल्ट बघून विचारलं, 'एम आठ, सव्वाचा पिच, लांबी बोला, गीझरला पाहिजे का?' गिटारला म्हटल्यावर त्याने चष्म्यावरून एकदा बघितलं फक्त. बुश हाताने दाबून परत बसवला आणि विसरून गेलो.

तर तारांना अर्थिंग देणारी वायर त्याच बुशच्या भोकात नुसती दाबून बसवलेली असते, सोल्डर वगैरे काही नाही. काल रात्री तुमचं वाचून अँप लावला. तारांना हात लावला, हम तेवढाच. केबल लावतो त्या जॅकच्या धातूच्या कड्याला बोट लावलं, हम निम्म्यावर. मल्टीमीटर एका बाजूने तारेला, दुसऱ्या बाजूने जॅकला लावला, बीप नाही. चार महिने मी तो हम अँपचा समजत होतो, दोनदा केबल बदलली, आमच्या बिल्डिंगच्या वायरिंगला नावं ठेवली.

मग बसलो रात्री अकराला. बुशच्या भोकात खिळ्याचा छोटा तुकडा टाकला आणि जुना स्टड वरून फिरवत गेलो, तुकडा तळाला टेकला की बुश आपोआप वर यायला लागतो. खाली वायरचं टोक काळं पडून चुरगळलेलं. घासून चकचकीत केलं, बुशच्या कडेला वाकवून धरलं आणि फडकं ठेवून हातोडीने हळूहळू बुश आत. बीप आला. बायको बाहेरून ओरडली, 'बाराला ठोकाठोकी?'

व्हिडिओ परत टाकतो. उद्या गुरुवार, आमच्याकडे लाइट नसेल, म्हणजे शुक्रवारी रात्री. हेडफोन लावून ऐका आणि तुमच्याकडे कुठली गिटार आहे ते पण लिहा, पोस्टभर भांडलात पण ते सांगितलंच नाहीत.